वर न म्हणणाऱ्या मावशी

आमच्या हॉस्पिटलात तेव्हा लिफ्ट एकच होती आणि ती चालवणाऱ्या मावशीही एकच. दोघी साधारण एकाच वयाच्या असाव्यात, असा माझा अंदाज होता. तो मी मावशींसमोर कधी बोलून दाखवला नाही, कारण मला रोज सकाळी चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात जायचं असायचं आणि जिना मला मानवत नाही.

लिफ्ट म्हणजे ओढून लावायच्या जाळीची दोन दारं, आत एक स्टूल, स्टुलामागे एक खिळा आणि खिळ्याला मावशींची पिशवी. स्ट्रेचर आत घ्यायचं झालं की स्टूल बाहेर काढावं लागे. मग मावशी भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभ्या राहायच्या, जणू लिफ्टमध्ये आपणच जास्तीचं सामान आहोत. अंगात निळा कोट, पायात रबरी बूट आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरलेला चष्मा. त्या चष्म्यातून त्यांना फारसं दिसत नसे. मी एकदा म्हटलं, नंबर वाढलाय मावशी, काचा बदलून घ्या. त्या म्हणाल्या, सहाच बटणं आहेत, पाठ आहेत मला. विषय संपला.

तुम्ही आत शिरलात की त्या एकच शब्द विचारायच्या. "कितवा?"

बाकी जगातले लिफ्टवाले ‘वर की खाली’ विचारतात. आमच्या मावशींच्या तोंडून ‘वर’ हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून तुम्ही विचारलंत, "मावशी, वर चाललीय का?" तर त्या सांगायच्या, "पाचव्याला चाललीय." यावरूनच त्यांचं नाव कितवामावशी पडलं. पगारपत्रक मी टाइप करायचो, त्यामुळे खरं नाव मला ठाऊक होतं. पण त्या नावानं हाक मारली असती तर बाई कोण आलीय म्हणून त्यांनीच मागं वळून पाहिलं असतं.

कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं सगळ्यांना वाटायचं. हॉस्पिटलात ‘वर’ या शब्दाला दोन अर्थ असतात आणि पेशंटच्या नातेवाइकांना दुसराच आधी ऐकू येतो. स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाला "चला, वर जायचं" असं म्हणून बघा. तेव्हा मावशी शहाण्या आहेत, थोड्या वहमी आहेत, असं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. शिवाय त्यांचा नियम अगदीच अडाणी नव्हता. स्टुलावर, वेळेवर, रजेवर यातला ‘वर’ त्यांना चालायचा. शाळेत आम्हाला छडीच्या धाकानं शिकवलेल्या व्याकरणात सांगायचं तर शब्दयोगी अव्यय चालायचं, क्रियाविशेषण अव्यय चालायचं नाही.

वॉर्डबॉय मंडळींना हा खेळच होऊन बसला होता. मावशींच्या तोंडून तो शब्द काढायचा. पंखा कुठं लावलाय? "डोक्याशी." मोठे डॉक्टर कुठं असतील आत्ता? "पाचव्याला, नाहीतर त्यांच्या बायकोला विचारा." स्ट्रेचर ढकलण्यात सगळ्यात मंद म्हणून ज्याला आम्ही बुलेट म्हणायचो, त्यानं एकदा चेहरा गंभीर करून विचारलं, मावशी, देव कुठं राहतो? मावशींनी जाळी ओढली आणि म्हणाल्या, "तुझ्या वॉर्डात तरी दिसला नाही."

त्यात भर माझी. मावशींचा रजेचा अर्ज माझ्याकडे यायचा. जगातला प्रत्येक मराठी अर्ज ‘वरील विषयास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होतो, तसं सुरू झालं नाही तर रजा मिळत नाही अशी माझी तरी समजूत होती. मावशी लिहायच्या, ‘विषयात लिहिल्याप्रमाणे मला दोन दिवस रजा हवी आहे.’ मी तो कागद ऑफिसभर दाखवला. लिहितानासुद्धा पाळतात, म्हटलं. सगळे हसले, मी जरा जास्तच हसलो.

आता डोंगराकडे येतो.

लिफ्ट पंधरवड्याला एकदा तरी अडकायची. गच्चीवरच्या खोलीत जाऊन हातानं चाक फिरवलं की ती वीतवीत सरकून मजल्याला लागायची. ट्रस्टनं ठरवलं, शेजारी दुसरी लिफ्ट बसवायची, स्ट्रेचर आरामात मावेल एवढी, आणि वीज गेली तर आपल्या बॅटरीवर जवळच्या मजल्याला जाऊन दार उघडणारी. ठरवायला पैसे लागत नाहीत. बसवायला लागतात. तेव्हा आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी कल्पना काढली की कर्मचाऱ्यांनी डोंगर चढायचा. गावापासून बसनं दोन तासांवर एक डोंगर आहे. त्याच्या वाटेवर वनखात्यानं चुना फासून सात दगड रोवलेत, सातवा टोकाला. प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या लोकांकडून कबूल करून घ्यायचं की मी इतके दगड गाठले तर दगडामागे तुम्ही लिफ्टसाठी इतकं द्याल. दुसऱ्यांची गुडघेदुखी बरी करणाऱ्या बाईनं आम्हा सगळ्यांना गुडघेदुखी लावायचं ठरवलं, असं मी म्हणालो आणि पहिलं नाव माझंच लिहिलं गेलं.

बॅनरचा मजकूर अर्थातच मी लिहिला. मराठीत मला दहावीला पारितोषिक होतं. मी लिहिलं, ‘चला, वर जाऊ या! आपल्या हॉस्पिटलसाठी’. तो मोठ्या फाटकावर लावला, नेमका अँब्युलन्स आत येते तिथं. तासाभरात एक म्हातारे गृहस्थ, हातात औषधांची पिशवी, फाटकाशी उभे राहून बॅनरकडे बघत होते. त्यांनी वॉचमनला अगदी सभ्यपणे विचारलं, "हे सगळ्यांनाच लागू आहे का?" दुपारच्या आत बॅनर उतरला आणि मोठ्या डॉक्टरांनी मला पाचव्या मजल्याला बोलावलं. जाताना लिफ्टमध्ये मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच "कितवा" विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

एवढ्यानं माझी जीभ आवरायला हवी होती. पुढच्याच आठवड्यात सिमेंटवाले शेठ लिफ्टमध्ये भेटले. त्यांची आई चौथ्या मजल्याला होती, मांडीचं हाड मोडून. लिफ्टमध्ये मी डोंगराची माहिती चिकटवली होती, ती शेठ वाचत होते. माणूस दिलदार, पण गंमतीशिवाय पैसा सुटायचा नाही. ते मावशींना म्हणाले, तुम्ही जाताय की नाही? मावशी म्हणाल्या, मी कशाला, मी बसून चढणारी बाई. सगळे हसले. आणि मी बोललो.

"शेठ, मावशींनी टोकावर जाऊन ‘मी वर आले’ असं फोनवर म्हटलं तर काय द्याल?"

शेठना मावशींची ख्याती ठाऊक होती. ते म्हणाले, "म्हटलं तर लिफ्टचे उरतील तेवढे सगळे माझ्याकडून. पण स्वतः चढून, आणि स्वतःच्या तोंडानं."

हशा झाला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, उरतील म्हणजे किती? मी सांगितलं, निम्म्याहून जास्तच. "चौथा," असं म्हणून त्यांनी जाळी उघडली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची बाई, कोटाच्या खिशात हात. "लिहा माझं नाव, कारकूनसाहेब." मला ‘साहेब’ म्हणणारी ती हॉस्पिटलातली एकमेव व्यक्ती, आणि तेसुद्धा टोमणा म्हणून. मी म्हटलं, मावशी, शेठनी थट्टा केली. त्या म्हणाल्या, थट्टेत का होईना, चार माणसांसमोर बोललेत. मी विचारलं, आणि तो शब्द? त्या म्हणाल्या, "आधी चढू तर द्या."

मग तयारी सुरू झाली. सव्वीस वर्षं ज्या बाईनं हॉस्पिटलचा जिना पाहिला नव्हता ती सकाळी ड्यूटीच्या तासभर आधी येऊन तळापासून पाचव्यापर्यंत चढायला लागली. पहिल्या दिवशी दुसऱ्यालाच बसल्या. मॅडमनी गुडघ्याला पट्टा दिला आणि बूट बदलायला लावले. महिन्यानं त्या रोज चार फेऱ्या करू लागल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं. पहिल्याच्या वळणाला कोनाडा आहे, दुसऱ्याच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, हे त्यांना नव्यानं कळत होतं. मी कधीकधी सोबत जायचो, बॅनरचं प्रायश्चित्त म्हणून. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. प्रत्येक मजल्याच्या वळणाला त्या कठड्याला धरून दम खायच्या, फक्त तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे नाही. तिथं धाप लागली तरी ओठ घट्ट मिटून एका दमात चौथा गाठायच्या. मी म्हटलं, इथंच का घाई? म्हणाल्या, चौथ्याला पाण्याचा नळ आहे. नळ तिसऱ्यालाही आहे.

मजल्यांशिवाय त्यांना उंची कळत नव्हती, म्हणून मी हिशोब करून दिला. आपला मजला अकरा फूट, डोंगर पायथ्यापासून बाराशे बत्तीस, म्हणजे एकशे बारा मजले. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. "म्हणजे एकशे बारावा," एवढंच म्हणाल्या.

डोंगराच्या दिवशी आम्ही सकाळी सातला पायथ्याशी उतरलो. मॅडमच्या गळ्यात शिट्टी. बुलेट नव्या टोपीत. मला मावशींच्या बरोबर शेवटी चालायला सांगितलं होतं, त्यांची काळजी घ्यायला असं मॅडम म्हणाल्या. खरं म्हणजे कोण कुणाची घेणार होतं ते पहिल्या दगडाआधीच ठरलं. माझ्या पाठपिशवीतलं पाणी मावशींनी काढून आपल्या पिशवीत घेतलं.

वाट सुरुवातीला झाडीतली, मातीची. मावशी जिना चढावा तशा चढायच्या, एका लयीत, मधे बोलणं नाही. थांबल्या की मला विचारायच्या, "कितवा?" आयुष्यभर त्यांनी लोकांना विचारलेला प्रश्न आता मला होता. मी दगड बघून, हिशोब करून सांगायचो. सोळावा. बत्तिसावा. एखाद्या ठिकाणी मी अंदाजानं दोन मजले वाढवले तर त्या म्हणायच्या, "खोटं सांगू नका. मजला मला पायाला कळतो."

तिसऱ्या दगडानंतर झाडं संपली. तिथून खडकातल्या पायऱ्या, उंचच उंच, आणि बाजूला धरायला साखळी. बाकीचे पुढं गेले होते, मॅडमची शिट्टी चौथ्या दगडाकडून ऐकू येत होती. मावशींनी तीस-चाळीस पायऱ्या ओठ मिटून काढल्या. मग त्यांचा उजवा गुडघा वळला. पडल्या नाहीत, साखळी धरली होती. पण खाली बसल्या आणि बसल्यावर उठेनात. पट्टा सैल करून मी पाणी दिलं. त्या काही वेळ समोरच्या खडकाकडे बघत राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता आणि मला वाटलं, दुखतंय.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"छप्पन्नावा. बरोबर अर्ध्यात."

"दगड कुठला?"

"तिसरा गेला. चौथा यायचाय."

"म्हणजे मधेच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, इथं नको होतं बसायला.

मी उगाच विनोद केला, इथं अडकलो तर चाक फिरवायला कुणी नाही. बोलून गेल्यावर मावशींकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी मला त्या खडकावर बसून सांगितली. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मावशींचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. सकाळी कामाला गेले आणि अकराच्या सुमाराला दुकानातलीच दोन माणसं त्यांना हॉस्पिटलात घेऊन आली. छातीत कळ. मावशी ड्यूटीवरच होत्या. हृदयाचा विभाग चौथ्या मजल्याला. स्ट्रेचर मावशींनीच आत ओढून घेतलं, स्टूल बाहेर काढलं, जाळी लावली. यजमान शुद्धीत होते. त्यांना बंद जागेची भीती होती, बायकोच्या लिफ्टमध्ये ते कधी बसले नव्हते. त्यांनी मावशींचं मनगट धरलं होतं.

"मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना. आत्ता वर नेते तुम्हाला."

तिसरा गेला आणि वीज गेली. जनरेटर होता, पण लिफ्ट त्याला जोडलेली नव्हती. गच्चीवरच्या खोलीची चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर. कुलूप तोडून चाक फिरवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. चौथ्या मजल्याची फरशी मावशींच्या डोळ्यांच्या रेषेत होती. फरशीवर उभ्या असलेल्या डॉक्टरांचे बूट दिसत होते. हात घालता येईल एवढी फट होती, माणूस काढता येईल एवढी नव्हती. डॉक्टरांनी फटीतून औषध दिलं, काय करायचं ते ओणवून सांगितलं, मावशींनी तसं केलं. लिफ्ट चौथ्याला लागली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या परत कामावर आल्या तेव्हा तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना कपड्यांच्या विभागात जायला सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. त्या वेळचे बहुतेक लोक पुढं बदलून गेले. आम्ही नंतरचे, आम्हाला एवढंच कळलं की मावशी वहमी आहेत.

"लोकांना वाटतं अपशकुन म्हणून म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तसं नाही रे. मी त्यांना एक सांगितलं आणि केलं नाही. परत कुठल्या तोंडानं कुणाला सांगू, वर नेते म्हणून? म्हणून विचारते, कितवा. तुम्ही सांगा, मी बटण दाबते. पोचलो तर पोचलो."

चष्मा नाकावरून घसरला होता. त्यांनी तो काढून कोटाच्या टोकानं पुसला, अगदी हलक्या हातानं, आधी एक काच, मग दुसरी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्या काचा का बदलत नाहीत. मी विचारलं नाही. इतकं तरी शिकलो होतो.

मी म्हटलं, मावशी, आपण इथूनच उतरू. साडेतीन दगडांचे पैसे मिळतील. शेठचं मी बघतो.

"साडेतीन?" त्या म्हणाल्या. "साडेतीन म्हणजे काय असतं ते मला विचार."

आणि साखळीला धरून उठल्या.

पुढचे छप्पन्न मजले कसे गेले ते मला नीट आठवत नाही. मला आठवतो तो त्यांचा उजवा पाय, जो आता वाकत नव्हता; तो मावशी बाजूनं फिरवून पायरीवर ठेवायच्या आणि डाव्यानं अंग उचलायच्या. चौथ्या दगडाशी त्यांनी दगडाला हात लावला, क्षणभर, आणि थांबल्या नाहीत. पाचव्याशी मॅडम आमच्यासाठी परत आल्या, गुडघा दाबून बघितला आणि माझ्याकडे रागानं पाहून मावशींना म्हणाल्या की आता बास. मावशी म्हणाल्या, मॅडम, तुम्ही पेशंटला काय सांगता? दुखलं तरी दहा वेळा करायचंच.  मॅडमनी आपली काठी दिली.

टोकावर एक लोखंडी खांब आहे. फोनला रेंज फक्त त्या खांबाजवळ येते. आम्ही पोचलो तेव्हा बाकीचे सावलीला बसून केळी खात होते. मावशींना बघून सगळे उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले, बुलेट तर शिट्टी घालणार होता. मी हातानं थांबवलं. मावशी खांबाला टेकून बसल्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं जरा बाजूला झालो, रेंज तुटेल न तुटेल इतक्या अंतरावर, आणि शेठना फोन लावला. सगळं सांगितलं नाही, माझं नव्हतंच ते सांगायचं. एवढंच म्हटलं की शेठ, मावशी टोकावर आल्यात, मी डोळ्यांनी बघतोय. पण तो शब्द त्यांच्याकडून वदवून घेऊ नका, त्यात माझी चूक झालीय.  शेठ म्हणाले, अरे बाबा, ती गंमत होती. पैसे दिले समजा. त्यांना म्हणावं आराम करा.

मी मावशींजवळ जाऊन बसलो. सांगितलं, झालं काम, लिफ्ट आली. काही म्हणायची गरज नाही.

त्या समोर बघत होत्या. "काय दिसतंय रे? मला नुसतं पांढरं दिसतंय."

मी सांगितलं. खाली वाट दिसते, आपली बस दिसते काडेपेटीएवढी, पलीकडे नदी. गाव दिसत नाही.

"हॉस्पिटल?"

"नाही दिसत."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढं केला. "फोन लाव."

"मावशी, शेठ नको म्हणालेत."

"त्यांना नको असेल. लाव तू."

मी लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला. पलीकडून शेठ आदबीनं बोलले, बोला मावशी. मावशींनी फोन दोन्ही हातांत धरला होता. घसा खाकरला. बुलेटच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"शेठ," त्या म्हणाल्या, "मी वर आले."

 मग काहीतरी बोलायचं म्हणून शेठनी विचारलं, "सगळे पोचलात ना? की एकट्याच?"

"एक जण मधे राहिला," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मधे."

"अरेरे," शेठ म्हणाले. "जपून आणा त्यांना. घाई करू नका."

"हो," मावशी म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडे दिला.

आमच्यातल्या बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, डोकी मोजली. अकराच्या अकरा होती. मॅडमनी मला खुणेनं विचारलं, कोण राहिलंय?  मावशी खांबाला डोकं टेकून बराच वेळ बसल्या. रडल्या का ते मला माहीत नाही. चष्मा मात्र त्यांनी पुन्हा एकदा पुसला. उतरताना तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, त्या खडकापाशी त्या आपणहून थांबल्या. बसल्या नाहीत. साखळी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, चला.

पाच महिन्यांनी नवी लिफ्ट आली. स्टीलच्या भिंती, आपोआप सरकणारी दारं, बॅटरी. गुळगुळीत, मोठी, आत दोन स्ट्रेचर राहतील. लिफ्टवाला लागतच नाही, कुणीही बटण दाबावं. पण मोठ्या डॉक्टरांनी निवृत्तीपर्यंत मावशींची ड्यूटी तिच्यातच लावली. मावशी आपलं जुनं स्टूल घेऊन आत शिरल्या, पिशवी टांगायला खिळा नाही म्हणून कुरकुरल्या. पहिला पेशंट आला, स्ट्रेचरवर एक बाई, शेजारी तिची मुलगी. मावशींनी विचारलं, "कितवा?" मुलगी म्हणाली, "चौथा." दार मिटलं आणि छतातून एक गोड, शिकलेला आवाज म्हणाला, "वर जात आहे."

मी आतच होतो. मुलीनं आईचा हात घट्ट धरला. मावशी छताकडे बघत राहिल्या.  चौथा आला, स्ट्रेचर बाहेर गेलं आणि दार मिटताना आवाज पुन्हा बोलला. दिवसभर बोलत होता.

मी लिफ्टच्या कंपनीच्या मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, आवाज काढता येतो, एक वायर ओढायची, दोन मिनिटांचं काम. पण लेखी अर्ज पाहिजे. मी ऑफिसात जाऊन टाइप करायला बसलो. प्रति, विषय: नवीन लिफ्टमधील आवाज बंद करण्याबाबत. महोदय. आणि बोटं सवयीनं पुढं गेली: वरील विषयास अनुसरून.

मी ते वाचलं, आणि खोडलं. तिथं लिहिलं, ‘विषयात लिहिल्याप्रमाणे’.

मेकॅनिकनं वायर काढली आणि आपल्या फॉर्मवर ‘कारण’ असं छापलेल्या रकान्याशी पेन धरून मला विचारलं, इथं काय घालू? बिघाड?

"बिघाड नाही," मी म्हटलं. "लिहा, आवाज लागत नाही. विचारायला माणूस आहे."